लाकडी सांगाड्याच्या विश्लेषणात जोड कसे दाखवावेत: नव्या अभियंत्यांसाठी मार्गदर्शक

काँक्रीटच्या इमारतींचे विश्लेषण करून हात बसलेला अभियंता लाकडी सांगाडा पहिल्यांदा हाती घेतो तेव्हा खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे एक नोड (जोडबिंदू) देतो, दोन्ही मेंबर (सदस्य) त्या नोडला जोडतो आणि भार टाकायला पुढे जातो. सॉफ्टवेअर त्या नोडला एकसंध मानते. काँक्रीटमध्ये सळ्या अखंड असतात आणि ओतकाम एकजीव असते, म्हणून तिथे हे गृहीतक बहुतांशी चालून जाते. लाकडात मात्र दोन स्वतंत्र ओंडके एखाद्या बोल्टने, खुंटीने किंवा कोरलेल्या खाचेने एकमेकांना धरून ठेवतात. भार आला की आधी हा जोड हलतो आणि सदस्य त्यानंतर वाकतात. सांगाडा किती झुकेल, कोणत्या सदस्याला किती मोमेंट (वाकवणारा किंवा फिरवणारा परिणाम) येईल आणि कोणता कोपरा उघडेल हे पुष्कळ अंशी जोडावर ठरते, म्हणून प्रतिकृतीत (सांगाड्याच्या गणिती मॉडेलमध्ये) सदस्यांच्या मापांइतकाच विचार जोडांचा झाला पाहिजे. पुढील पायऱ्या एकमजली, एका खणाच्या सागवानी सांगाड्याच्या उदाहरणातून मांडल्या आहेत. सगळी गणिते कागदावर करता येतील अशीच ठेवली आहेत.

पहिली पायरी: संगणक सुरू करण्यापूर्वी जोड मोठा करून काढा

प्रत्येक प्रकारच्या जोडाचे १:५ प्रमाणातील रेखाटन करावे, त्यात लाकडाच्या तंतूंची दिशा बाणाने दाखवावी आणि बळ एका लाकडातून दुसऱ्यात नेमके कुठून जाते ती वाट लाल रेघेने आखावी. परंपरागत सांगाड्यात एका लाकडाच्या टोकाला कोरून काढलेली कूस दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि आडवी लाकडी खुंटी ती कूस बाहेर येऊ देत नाही. अशा जोडात दाब खांद्याच्या पृष्ठभागावरून जातो, ताण केवळ खुंटीतून जातो आणि मोमेंट जवळजवळ जातच नाही. बोल्टच्या जोडात दाब आणि ताण दोन्ही बोल्टच्या दांड्यामार्फतच जातात. एकाच कोपऱ्यासाठी हे दोन जोड पूर्णपणे वेगळ्या प्रतिकृती मागतात, आणि हे रेखाटन नसेल तर तो फरक पडद्यावर कधीच दिसत नाही.

रेखाटन झाले की प्रत्येक जोडाला तीन प्रश्न विचारावेत: ढकलल्यावर तो किती दबतो, ओढल्यावर किती सरकतो आणि पिळल्यावर किती फिरतो. तिन्हींची उत्तरे एकसारखी येतील असे लाकडात गृहीत धरू नये. दाब तंतूंना काटकोनात येत असेल तर खांद्याचा पृष्ठभागसुद्धा फारसा कडक नसतो. युरोपीय प्रतवारीत कठीण लाकडाचा काटकोनातील स्थितिस्थापकता गुणांक (साहित्याचा कडकपणा सांगणारी राशी) तंतूंच्या दिशेतील गुणांकाच्या पंधराव्या भागाइतका आणि मऊ लाकडाचा तिसाव्या भागाइतका धरला जातो. खांबाच्या डोक्यावर आडवी ठेवलेली तुळई म्हणूनच दृश्य स्वरूपात दबते.

दुसरी पायरी: बोल्टच्या जोडाचा कडकपणा काढा

जोड एकमेकांवर किती सरकतो हे सांगणाऱ्या राशीला स्लिप मॉड्युलस म्हणतात, आणि ती न्यूटन प्रति मिलिमीटर या एककात मोजतात. युरोकोड ५ मध्ये, म्हणजे लाकडी बांधकामाच्या युरोपीय संहितेत, बोल्ट आणि पोलादी डॉवेल (बिनआट्याची गोल दांडी) यांच्यासाठी तिचे सोपे सूत्र आहे: लाकडाच्या सरासरी घनतेचा दीडावा घात घ्यावा, त्याला बोल्टच्या मिलिमीटरमधील व्यासाने गुणावे आणि २३ ने भागावे. घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये असते. येणारे उत्तर एका बोल्टच्या एका शिअर प्रतलासाठी (दोन लाकडे जिथे एकमेकांवर सरकू पाहतात त्या पृष्ठासाठी) असते, म्हणजे लाकूड दोन बाजूंनी धरले असेल तर त्याची दुप्पट घ्यावी लागते. दोन वेगळ्या जातींची लाकडे जोडली जात असतील तर त्यांच्या घनतांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे. लाकडाला पोलादी पट्टी जोडली असेल तर उत्तर दुप्पट धरण्याची मुभा आहे.

वाळलेल्या सागाची घनता सुमारे ६५० धरली तर तिचा दीडावा घात साधारण १६,५७० येतो. १६ मिमी बोल्टसाठी एका प्रतलाचा कडकपणा ११.५ किलोन्यूटन प्रति मिमी येतो आणि दोन प्रतलांचा मिळून २३. ही किंमत वापरस्थितीतील, म्हणजे रोजच्या भाराखालची हालचाल काढण्यासाठी आहे. सामर्थ्याच्या तपासणीसाठी, भार वाढून बोल्ट लाकडात रुतू लागतो तेव्हा, हीच किंमत दोन तृतीयांश घ्यावी. आपल्याकडे परवानगी-ताणाच्या (लाकडात येऊ देण्याच्या कमाल अंतर्गत ताणाच्या) पद्धतीने आयएस ८८३ या लाकडी बांधकामाच्या भारतीय संहितेनुसार संकल्पन करणाऱ्यांनी इथे एक काळजी घ्यावी. कडकपणाचे सूत्र एका संहितेतून आणणे योग्य आहे, पण बोल्टचे सामर्थ्य आणि त्यावरचा सुरक्षा गुणांक मात्र एकाच संहितेतून घ्यावा, दोन संहितांची मिसळ करू नये.

तिसरी पायरी: ब्रेसमध्ये जोडाची स्प्रिंग मिळवा

आता उदाहरणाचा सांगाडा पाहू. खांब १५० × २०० मिमी, त्यावर कुशीत बसवलेली १५० × २०० मिमीची तुळई, दोन खांबांमधले अंतर ३.६ मीटर आणि पायापासून तुळईच्या अक्षापर्यंतची उंची ३ मीटर. दोन्ही वरच्या कोपऱ्यांत ४५ अंशांचे तिरपे टेकू आहेत, ज्यांना पुढे ब्रेस म्हटले आहे. प्रत्येक ब्रेस म्हणजे खांबाच्या आणि तुळईच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या ५० × १०० मिमीच्या दोन फळ्या, आणि प्रत्येक टोकाला आरपार गेलेला १६ मिमीचा एक बोल्ट. कोपऱ्यापासून बोल्टचे अंतर दोन्ही अक्षांवर ७५० मिमी आहे, म्हणजे ब्रेसची लांबी १,०६१ मिमी. सागाचा स्थितिस्थापकता गुणांक सोयीसाठी १०,००० न्यूटन प्रति वर्ग मिमी धरला आहे.

ब्रेसच्या लाकडाचा स्वतःचा अक्षीय कडकपणा ९४ किलोन्यूटन प्रति मिमी येतो. त्याच्या दोन्ही टोकांना २३ किलोन्यूटन प्रति मिमीच्या दोन स्प्रिंगा मालिकेत आहेत. मालिकेतील कडकपणा काढताना व्यस्तांची बेरीज करायची असते, आणि ती केली की एकूण कडकपणा केवळ १०.३ किलोन्यूटन प्रति मिमी उरतो. नुसता मेंबर काढून पुढे गेलेल्या अभियंत्याने ब्रेसला खऱ्यापेक्षा नऊपट कडक मानले असते. प्रत्येक टोकाला दोन बोल्ट लावले तरी हा आकडा साडेअठरापर्यंतच चढतो.

हे प्रतिकृतीत आणण्याचे दोन मार्ग आहेत. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मेंबरच्या टोकाला अक्षीय स्प्रिंग देता येते तिथे ती थेट द्यावी. जिथे ते गैरसोयीचे असते तिथे ब्रेससाठी वेगळे साहित्य तयार करून त्याचा स्थितिस्थापकता गुणांक मूळच्या ११ टक्के करावा. काही जण गुणांकाऐवजी छेदाचे क्षेत्रफळ कमी करतात, पण त्याने ब्रेसचे स्वतःचे वजन आणि ताणाची तपासणी दोन्ही चुकतात, म्हणून तो मार्ग टाळावा.

चौथी पायरी: भोकातली मोकळीक विसरू नका

स्लिप मॉड्युलसच्या सूत्रात भोक आणि बोल्ट यांच्यातली मोकळी जागा धरलेली नसते, आणि तुळईच्या पातळीवर २ किलोन्यूटनचा आडवा भार दिला की तिचा परिणाम लगेच दिसतो. दोन्ही ब्रेस दाब आणि ताण दोन्ही घेतात आणि भार दोघांत समान वाटला जातो असे मानले, तर खांबांच्या वाकण्यामुळे सांगाडा ५.१ मिमी झुकतो, तुळईच्या वाकण्यामुळे १.८ मिमी आणि ब्रेसच्या लाकडाच्या आखडण्या-ताणण्यामुळे केवळ ०.३ मिमी. एकूण सव्वासात मिमी झाले. उंचीच्या तीनशेव्या भागाची, म्हणजे १० मिमीची मर्यादा आपण स्वतःवर घालून घेतली असेल तर नुसत्या मेंबरांची प्रतिकृती निर्धास्तपणे उत्तीर्ण होते.

ब्रेसमध्ये बोल्टच्या स्प्रिंगा मिळवल्या की ब्रेसचा वाटा ३.१ मिमी होतो आणि एकूण झुकाव नेमका मर्यादेवर, १० मिमीवर येतो. आता बोल्टपेक्षा १ मिमी मोठे भोक घ्या, जी युरोकोड ५ मधील कमाल परवानगी आहे. वाईटात वाईट स्थितीत प्रत्येक टोकाला बोल्ट १ मिमी सरकेल तेव्हाच लाकडाला टेकेल, म्हणजे ब्रेस २ मिमीने सैल असेल. भूमितीने पाहिले तर २ मिमी भागिले ७५० मिमीच्या ४५ अंशांतील घटक, म्हणजे ५३० मिमी, इतका कोन सांगाडा फुकटात फिरतो, आणि ३ मीटर उंचीवर तो कोन ११.३ मिमी होतो. एकूण झुकाव आता २१ मिमीच्या पुढे गेला. नुसत्या मेंबरांच्या उत्तराची ही जवळजवळ तिप्पट आहे, आणि यातला निम्म्याहून अधिक भाग लाकडाने कोणताही प्रतिकार करण्याच्या आधीच झालेला आहे.

ही मोकळीक रेषीय विश्लेषणात स्प्रिंगच्या कडकपणात मिसळू नये, कारण ती भाराच्या प्रमाणात वाढत नाही. ती वेगळी मोजून उत्तरात मिळवावी, किंवा सॉफ्टवेअरमध्ये गॅप असलेला लिंक घटक उपलब्ध असेल तर तो वापरावा. प्रत्यक्षात सगळे बोल्ट एकाच वेळी भोकाच्या एकाच कडेला नसतात, त्यामुळे ११ मिमी ही वरची मर्यादा आहे. तरीही ब्रेसच्या जोडात भोके बोल्टच्या मापाचीच पाडून घ्यावीत किंवा भोकात घट्ट बसणारे पोलादी डॉवेल वापरावेत असे माझे स्पष्ट मत आहे. ड्रिलचे एक पाते बदलून जे साधते ते खांबाचा छेद वाढवून साधत नाही.

पाचवी पायरी: हिंज की फिक्स, हा प्रश्न आकड्याने सोडवा

खांबाच्या दोन्ही बाजूंनी ७५ × २०० मिमीच्या दोन फळ्यांची जोडतुळई नेऊन ती चार बोल्टनी आवळली की जोड घट्ट दिसतो, आणि नवा अभियंता तो फिक्स, म्हणजे अजिबात न फिरणारा, धरतो. असा जोड पिळाला किती विरोध करतो हे प्रत्येक बोल्टच्या कडकपणाला बोल्टसमूहाच्या मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणून आणि सगळ्यांची बेरीज करून मिळते. १२ मिमीचे चार बोल्ट ८० मिमीच्या चौकोनात आहेत असे समजा. त्याहून बराच मोठा चौकोन २०० मिमीच्या लाकडात बसवायला गेलो तर कडेपासूनचे अंतर अपुरे पडते आणि लाकूड चिरते. प्रत्येक बोल्टचा दुहेरी प्रतलातील कडकपणा १७.३ किलोन्यूटन प्रति मिमी आहे आणि मध्यापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १२,८०० वर्ग मिमी आहे, म्हणून पिळाचा कडकपणा सुमारे २२१ किलोन्यूटन मीटर प्रति रेडियन येतो.

हा आकडा मोठा की लहान, हे तुळईच्या स्वतःच्या कडकपणाशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. ३.६ मीटरच्या या तुळईचा वाकण्याचा कडकपणा भागिले लांबी हे गुणोत्तर २७८ किलोन्यूटन मीटर आहे. म्हणजे जोड तुळईपेक्षाही मऊ आहे. समान पसरलेल्या भाराखाली, खांब फिरत नाहीत असे धरूनसुद्धा, टोकाला येणारा मोमेंट पूर्ण फिक्स तुळईच्या मोमेंटच्या केवळ २८ टक्के भरतो. आणि मध्यावरचा मोमेंट फिक्स गृहीतकातून येणाऱ्या उत्तराच्या जवळजवळ अडीचपट होतो. फिक्स धरून आलेल्या मध्यावरच्या मोमेंटवरूनच तुळईचे माप ठरवले असते तर तुळई मध्यावर निम्म्याहून कमी ताकदीची निघाली असती.

यावरून नव्या माणसाने घ्यायचा नियम असा की उभ्या भारासाठी लाकडी तुळईचा जोड हिंज, म्हणजे मोकळेपणी फिरणारा, धरावा. पण त्याच वेळी बोल्टसमूहाला येणारा तो २८ टक्के मोमेंट दुर्लक्षितही करू नये, कारण हिंज म्हटल्याने बोल्ट फिरायला मोकळे होत नाहीत. त्या मोमेंटमुळे बोल्टवर तंतूंना काटकोनात बळ येते आणि फळीला कडेने चीर पडू शकते. म्हणून सदस्यांची तपासणी हिंज धरून करावी आणि जोडाची तपासणी स्प्रिंग धरून करावी. स्टॅड प्रोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मेंबर रिलीजच्या (मेंबरचे टोक फिरायला मोकळे करणाऱ्या) आज्ञेतच फिरण्याच्या स्प्रिंगची किंमत देता येते. ती देताना मेंबरचा स्थानिक अक्ष तपासून घ्यावा आणि एकाच मेंबरच्या दोन्ही टोकांचा स्वतःभोवतीचा पीळ मोकळा सोडू नये, नाहीतर तो मेंबर गणितात गरगर फिरतो आणि विश्लेषण थांबते.

सहावी पायरी: परंपरागत ब्रेस फक्त दाब घेतो असे दाखवा

फळ्या आणि बोल्टऐवजी ब्रेस कुशीने बसवला असेल तर चित्र बदलते. दाबात तो खांद्यावर टेकून उत्तम काम करतो, पण ताणात त्याला एकच खुंटी धरून असते आणि तिच्या मागे कुशीच्या टोकाशी थोडेसेच लाकूड उरलेले असते. म्हणून अशा ब्रेसला फक्त दाब घेणारा मेंबर म्हणून नेमावे. ही प्रतिकृती आता रेषीय राहत नाही, त्यामुळे वेगवेगळ्या भारांची उत्तरे मागाहून बेरजेने एकत्र करता येत नाहीत. प्रत्येक भारसंयोग स्वतंत्र भार म्हणून सोडवावा लागतो, आणि स्टॅड प्रोमध्ये त्यासाठी लोड कॉम्बिनेशनऐवजी रिपीट लोड वापरावा लागतो. वारा डावीकडून आणि उजवीकडून असे दोन्ही प्रसंग द्यावेत, कारण प्रत्येक वेळी वेगळा ब्रेस कामाला लागतो.

इथे एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधायचे आहे, कारण ती कोपऱ्यात लपून बसते. तोच २ किलोन्यूटनचा आडवा भार आता वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूच्या एकाच ब्रेसने घेतला. खांबाच्या माथ्याभोवती मोमेंट काढले तर ब्रेसच्या आडव्या घटकाला ७५० मिमीच्या भुजेवरून ३ मीटर भुजेवरच्या २ किलोन्यूटनला तोलायचे आहे, म्हणून तो ८ किलोन्यूटन होतो. ब्रेसमधला दाब ११.३ किलोन्यूटन झाला. हा दाब तुळईला ८ किलोन्यूटनने वर उचलतो आणि खांबाला तितक्याच बळाने बाहेर ढकलतो. खांबाचा तोल मांडला की माथ्यावरच्या कुशीत ६.३ किलोन्यूटनची उभी ओढ आणि ६ किलोन्यूटनची आडवी कातर निघते. म्हणजे ब्रेस दाबात असला की त्याच्या शेजारचा खांब-तुळईचा जोड उघडू पाहतो. छताचे वजन पुरेसे असेल तर ती ओढ त्यातच विरते. पत्र्याचे हलके छप्पर असेल आणि वाऱ्याचे शोषण त्याला वर खेचत असेल तर सगळी ओढ खुंटीवर येते. ब्रेस तपासून समाधान मानणारे पुष्कळ आराखडे या जोडाची तपासणी करतच नाहीत.

ब्रेस खांबाला जिथे भेटतो तिथे स्वतंत्र नोड द्यावा, ब्रेस थेट कोपऱ्याच्या नोडला नेऊ नये. खांबातला सर्वांत मोठा मोमेंट त्या भेटीच्या जागीच येतो, आपल्या उदाहरणात ४.५ किलोन्यूटन मीटर, आणि नेमके तिथेच खाच कोरून छेद कमी केलेला असतो. तपासणी खाच वजा करून उरलेल्या छेदावर करावी.

महाराष्ट्रात या विषयाला जुना संदर्भ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्यातील माळवदाच्या घरांच्या जाड दगडी भिंती कोसळून फार मोठी प्राणहानी झाली. त्या घरांपैकी अनेकांत छताचा भार भिंतींवर नसून आतल्या लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होता, आणि भिंती पडल्यावरही कित्येक ठिकाणी तो सांगाडा उभा राहिला. त्यात उणीव होती ती आडव्या भाराला विरोध करणाऱ्या तिरप्या आधाराची, आणि पुढे मजबुतीकरणाच्या उपायांत खांब-तुळईच्या कोपऱ्यात ब्रेस बसवण्याचा समावेश झाला. अशा जुन्या घरात ब्रेस बसवण्याचे काम आज कोणाकडे आले तर वरचे गणित तिथे आधी करावे, कारण नवा ब्रेस जुन्या, सैल पडलेल्या कुशीवर अशी ओढ आणतो जी तिने पूर्वी कधी सोसलेली नसते. कुशीच्या जोडीला दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या देणे मला अशा ठिकाणी आवश्यक वाटते.

सातवी पायरी: खांबाचा तळ

वाड्यांमध्ये आणि जुन्या घरांमध्ये खांब दगडी तळखड्यावर नुसता टेकलेला असतो. त्याला हिंज दाखवावे, पण तो उचलला जाऊ शकतो हेही प्रतिकृतीत असू द्यावे, म्हणजे फक्त दाब घेणारा आधार द्यावा. आडवे बळ तिथे केवळ घर्षणाने किंवा दगडातल्या लहानशा खळग्याने अडते. नव्या बांधकामात पोलादी बूट आणि अँकर बोल्ट वापरले तरी तळ फिक्स धरू नये. तळाशी ओलावा सर्वाधिक असतो आणि लाकडाचा पहिला ऱ्हास तिथेच होतो, त्यामुळे त्या जागेच्या मोमेंटवर सांगाड्याचे स्थैर्य टेकवणे धोक्याचे आहे.

आठवी पायरी: काळ आणि ओलावा

कायम भाराखाली लाकूड हळूहळू वाकत जाते आणि जोड त्याहून अधिक सरकतो. युरोकोड ५ मध्ये या क्रीपसाठी एक गुणांक आहे: कोरड्या, बंदिस्त जागेसाठी ०.६, छपराखालच्या पण दमट जागेसाठी ०.८ आणि उघड्यावर २.०. लाकडाला लाकूड जोडलेले असेल तर जोडासाठी हा गुणांक दुप्पट घ्यायचा असतो. म्हणजे दमट वर्गात जोडाचा दीर्घकालीन कडकपणा मूळच्या २.६ व्या भागावर येतो आणि उघड्यावरच्या वर्गात पाचव्या भागावर. हा घटवलेला कडकपणा कायम भारासाठीच वापरावा. वारा आणि भूकंप क्षणिक असतात, त्यांच्यासाठी मूळची किंमत योग्य असते, आणि आयएस ८८३ सुद्धा वारा व भूकंपाच्या भारासाठी परवानगी-ताण १.३३ पट वाढवू देते.

छपराखालचा वर्ग निवडताना आपल्या हवामानाचा विचार स्वतंत्रपणे करावा. त्या वर्गाच्या व्याख्येत हवेची सापेक्ष आर्द्रता वर्षातले काही आठवडेच ८५ टक्क्यांच्या वर जाईल असे अभिप्रेत आहे. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्याचे दिवस यापेक्षा पुष्कळ लांबतात, म्हणून तिथल्या उघड्या पडवीच्या आणि ओटीच्या सांगाड्यासाठी मी उघड्यावरचा वर्ग धरणेच पसंत करतो. पुण्या-नगरकडच्या बंदिस्त खोलीसाठी इतकी कडक भूमिका घेण्याचे कारण नाही.

लाकूड ओले असतानाच सांगाडा उभा केला तर आणखी एक अडचण येते. वाळताना ते तंतूंना काटकोनात आक्रसते, बोल्टखालचे वॉशर सैल पडतात आणि कुशीचे खांदे एकमेकांपासून सुटतात. विश्लेषणात धरलेला खांद्याचा संपर्क मग उरतच नाही. वाळलेले लाकूड मिळणार नसेल तर खांद्याच्या जागी एखाद-दोन मिमीची फट धरून वेगळे विश्लेषण करावे.

नववी पायरी: एक उत्तर नको, दोन टोके हवीत

स्लिप मॉड्युलसची किंमत सूत्राने कितीही नेमकी निघाली तरी खऱ्या जोडात ती लाकडागणिक आणि सुताराच्या हातागणिक बदलते. म्हणून प्रतिकृती दोनदा सोडवावी, एकदा कडकपणा काढलेल्या किमतीच्या निम्मा धरून आणि एकदा दुप्पट धरून. झुकाव मऊ प्रतिकृतीतून घ्यावा. जोडांवरची बळे दोन्हींतून पाहून मोठी घ्यावीत, कारण कडक जोड अधिक बळ स्वतःकडे ओढतो. दोन्ही टोकांना आराखडा टिकत असेल तर मधल्या नेमक्या किमतीचा वाद घालण्याची गरज उरत नाही. टिकत नसेल तर जोडाची रचना बदलावी, आणि बोल्टची संख्या किंवा व्यास बदलला की कडकपणा पुन्हा काढून विश्लेषण पुन्हा करावे. अशा दोन-तीन फेऱ्या लागतातच.

प्रत्येक फेरीनंतर एका कोपऱ्याचा तोल हाताने मांडून पाहावा. सॉफ्टवेअरमधला ब्रेसचा दाब हातगणिताशी जुळला नाही तर बहुतेक वेळा एखादे रिलीज चुकीच्या टोकाला दिलेले असते.

दहावी पायरी: एक जोड खरोखर दाबून पाहा

कुशीच्या आणि खुंटीच्या जोडाला वरचे सूत्र लागू पडत नाही, कारण लाकडी खुंटी स्वतःच वाकते आणि चेचली जाते. काम मोठे असेल तर ज्या सुताराकडून सांगाडा करून घ्यायचा आहे त्याच्याकडूनच, त्याच लाकडाचे, पूर्ण मापाचे तीन-चार नमुना जोड करून घ्यावेत आणि जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सामर्थ्य प्रयोगशाळेतील यंत्रावर तपासावेत. यासाठीची प्रमाणित पद्धत सोपी आहे. जोड किती भाराला तुटेल याचा अंदाज करावा, त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत भार चढवून ३० सेकंद थांबावे, मग १० टक्क्यांपर्यंत उतरवून पुन्हा ३० सेकंद थांबावे आणि त्यानंतर शेवटपर्यंत चढवत न्यावे. सरकणे डायल गेजने जोडाच्या दोन्ही बाजूंना मोजावे, यंत्राच्या जबड्याच्या हालचालीवर विसंबू नये, कारण त्यात यंत्राचे स्वतःचे दबणेही मिसळलेले असते. पहिल्या चढणीत १० आणि ४० टक्के भारांच्या दरम्यान जितके सरकणे होते त्यावरून निघणारा उतार हा प्रतिकृतीत घालायचा कडकपणा, आणि सुरुवातीला जवळजवळ भाराशिवाय झालेली हालचाल ही मोकळीक. नमुना कसा फुटला याचे छायाचित्र घ्यावे. खुंटी वाकून मोडली असेल तर जोडाने आधी इशारा दिला असे समजावे. कुशीच्या टोकाचे लाकूड सरळ रेषेत निघून आले असेल तर खुंटी टोकापासून आणखी आत घ्यावी लागेल.

चाचणीतून आलेल्या किमती प्रतिकृतीत घालून शेवटची फेरी झाली की तीच गृहीतके नकाशावर उतरवावीत: भोकाचा व्यास बोल्टच्या मापाइतका किंवा जास्तीत जास्त किती, वॉशरचे माप, खुंटीचे लाकूड आणि तिचे टोकापासूनचे अंतर, लाकडातला ओलावा किती टक्क्यांच्या आत असावा, आणि पहिला पावसाळा व त्यानंतरचा उन्हाळा सरल्यावर सगळे नट पुन्हा आवळावेत ही सूचना. नट आवळायला हात पोहोचेल इतकी जागा प्रत्येक जोडापाशी आहे का, हेही त्याच नकाशावर तपासून घ्यावे.